पाटाकाठची सरळसोट झाडं

साझ-अरिक, २८ ऑगस्ट १९७६

सापार,

आधी एवढं वाच, मग बाकीचं. तुझ्या जेझद्यांना परवा पकडून नेलं. जेझदे म्हणजे तुझ्या एजेचा, थोरल्या बहिणीचा, नवरा, आठवतात ना? नाही, विचारते आपलं. शहरात राहून माणूस काय काय विसरतो.

शेतातूनच नेलं. पायात गमबूट, हातात फावडं, बिटाच्या वाफ्यात पाणी वळवत होते. फावडंही घेऊन गेले पोलीस, पुरावा म्हणे. मला तेवढ्यात हसू फुटलं आणि मग बांधावर बसले ती कोणी उठवली तेव्हाच उठले.

दर ऑगस्टात पोलीस टेकड्यांवरची रानभांग जाळायला येतात, तसेच आले असतील असं वाटलं आम्हाला. आमच्या टोळीतल्या बुबुशनं तर हाक मारली, "या, चहा घेऊन जा!" पण ते टेकडीकडे फिरकलेच नाहीत. थेट आपल्या वाखाच्या भांगेच्या शेतात शिरले, तू प्रयोग करून काढलेलं तुझं वाण लावलंय त्यात. त्यांच्या साहेबानं एक शेंडा तळहातांत चोळला, वास घेतला आणि हात उघडून दाखवला. तळवा काळा झालेला, चिकट. मग दुसऱ्या झाडाचा, मग तिसऱ्या. सगळे नव्हते चिकट, पण पाटाकडच्या अंगाचे बरेच होते. काल तो सबंध तुकडा तेल ओतून जाळला. अजून घरात धूर आहे, आपा खोकते आहे, आपल्या आईला या वयात धूर सोसत नाही, माझी पोरगी नुरझान शाळेत गेली नाही. सरकारी जमिनीवर, सरकारी पाण्यावर नशेचं पीक काढलं, असं कलम लावलंय मुकादमावर. आणि मुकादम तुझे जेझदे.

तुझं वाण रे! नशेची राळ नावालाही नाही, पोरानं चावून खाल्लं तरी काही होत नाही, असं तू आमच्या अंगणात बसून सांगितलं होतंस. त्या वाणाच्या शेंड्याला राळ आली कुठून, हे पोलिसांना माहीत नाही. मला माहीत आहे आणि तुलाही आहे.

गेल्या वर्षीचा जुलै. तू लीदाला घेऊन आला होतास, लग्न ठरलं म्हणून आपाला दाखवायला. मी चहाची किटली घेऊन शेतावर आले तेव्हा तुम्ही दोघं पाटाच्या कडेला उभे होता, तू आणि हे. पाटाला लागून नर झाडांची रांग उभी होती, तुमच्या डोक्यावरून उंच. तूच नियम घालून दिला होतास की या वाणात नर-मादी एकाच झाडावर असतात, वेगळा नर दिसला तर फूल उमलायच्या आत उपटायचा. म्हणून यांनी विचारलं, "सापार, हे उपटतो आता. बायका थांबा म्हणतायत, पिवळे पडू देत म्हणतायत."

बायका म्हणणारच. लढाईच्या काळात सगळी लोकर आघाडीवर जायची, तेव्हा आपल्या आयांनी नराच्या वाखाचा दोरा काढून जमिनीवर अंथरायचे नमदे शिवले. तेव्हापासून साझ-अरिकात तीच रीत आहे. आणि तो दोरा मऊ निघतो तो नराच्या फुलांची धूळ झडून झाड पिवळं पडल्यावरच. तुझ्या लग्नाचा नमदा आपाला त्याच दोऱ्यानं शिवायचा होता.

तू काय म्हणालास? तू एका झाडाला हात लावून वर बघितलंस आणि म्हणालास, "काय जेझदे, मुकादम झालात आणि झाड ओळखता येत नाही? रानटी भांग बघितलीय ना टेकडीवर? गुडघ्याएवढं झुडूप, फांद्याच फांद्या. हे बघा, कसं सरळसोट, एक फांदी नाही. आमच्याच वाणाचे नर आहेत हे. राहू द्या. आपाच्या दोऱ्याला होतील. बियाणंही इथलंच धरा, माझ्या प्रबंधात दक्षिणेचा प्रयोग म्हणून घालतो." हे म्हणाले, "तू म्हणतोस तर राहू देतो." मी चहा ओतत होते. शब्द न् शब्द ऐकलाय मी.

ते आपल्या वाणाचे नव्हते, सापार. टेकडीचंच बी पाटानं वाहून आणलं असणार. पाणी मिळालं, दाटीत सावली मिळाली, म्हणून वर गेलं, आणि त्याच्या धुळीनं ते रक्त आपल्या यंदाच्या बियाण्यात आलं. तू फसलास. बरं, फसलास तर फसलास, माणूस फसतो. पण आता ये आणि हे सांग. माझं कोणी ऐकत नाही, बायको नवऱ्यासाठी खोटं बोलणारच म्हणतात.

लगेच ये. नुरझान तुला पापा देते आहे. आपाला मी फक्त चौकशीला नेलंय असं सांगितलंय.

तुझी एजे,
उमसुनाय


३ ऑक्टोबर १९७६

सापार,

पत्र आलं. टाइप केलेलं! सख्ख्या बहिणीला टाइप केलेलं पत्र पाठवायला कुठल्या विद्यापीठात शिकवतात? मी आधी पाकीट उघडायलाच घाबरले, वाटलं कोर्टाचंच काहीतरी.

चॉकलेट मिळालं, नुरझाननं आणि आपानं खाल्लं. रुमाल मिळाला, छान आहे, पण डोक्याला बांधून जाऊ कुठे? बिटाच्या शेतात? वाखाच्या टोळीतून आम्हा सगळ्यांना काढलंय आणि तीन ठिकाणी पांगवलंय. बायका माझ्याशी बोलतात, पण आधी मागे वळून बघतात.

"वाण स्थिर असल्याचे प्रयोगांती सिद्ध झाले आहे" असं तू मला लिहितोस. मला! मी तुला काखेत घेऊन बीट खुरपलंय रे. प्रयोगांती म्हणे. प्रयोग कुठे केलास? तिकडे उत्तरेला, काळ्या मातीत, जिथे मैलोन्‌मैल रानभांगेचं एक पान नाही आणि ऑगस्टातही पावसाची सर येते. तिथे पोरगी आईच्या घरात सुशीलच असते. इथे चुयच्या खोऱ्यात वारा आला की टेकडीवरची पिवळी धूळ चहाच्या वाटीत पडते. हे तुला सांगावं लागतं का? या धुळीत शिंकत तू मोठा झालास.

बरं, जाऊ दे. भांडायला पत्र लिहीत नाहीये. वकिलानं सांगितलं की कोर्ट तज्ज्ञ म्हणून तुलाच बोलावणार आहे, वाण तुझंच आहे म्हणून. हे ऐकल्यापासून आपा उठून चालायला लागली आहे. शेजारणींना सांगत फिरते, "माझा मुलगा येतोय, आता जावई सुटणार." तिला तुरुंगाचं सांगावंच लागलं शेवटी. मेंढीही बघून ठेवली आहे तिनं.

परवा तुरुंगाच्या खिडकीपाशी गेले होते. नान आणि वाळवलेले जर्दाळू घेतले त्यांनी, सिगारेटी परत केल्या. हे वाळलेत. पण जीभ आहे तशीच आहे. मला म्हणाले, "मेव्हण्याला सांग, इथला चहा त्याच्या लग्नातल्यापेक्षा गरम असतो. आणि त्याला म्हणावं घाबरू नकोस. कोर्टात विचारतील तेवढंच बोल, स्वतःचं वाटोळं करू नकोस." ऐकलंस? तुरुंगात ते आहेत आणि काळजी तुझी करतायत! मी म्हटलं, "त्याचं कसलं वाटोळं? फार तर पदवी वर्षभर लांबेल." ते म्हणाले, "तुला काय माहीत, शिकलेल्या लोकांचं सगळं पदवीवरच असतं."

तुझी भीती मला कळते, अगदीच अडाणी नाही मी. वाण इथे टिकत नाही म्हटलं की प्रबंधातलं दक्षिणेचं प्रकरण गेलं, आणि त्याबरोबर तुझ्या वरच्या साहेबांची मर्जीही गेली. पण वाण वाईट आहे असं कुठे म्हणायचंय तुला? एवढंच म्हणायचं की नर ठेवा असं मी सांगितलं होतं, मला ते ओळखता आले नाहीत. दोन वाक्यं आहेत. तुला लहानपणी याहून लांब कविता पाठ होत्या.

ये. आधी घरी ये, मग कोर्टात जाऊ. बिछाना घालून ठेवते.

तुझी एजे


१९ नोव्हेंबर १९७६

सापार,

घरी आला नाहीस. हॉटेलात उतरलास आणि तिथूनच विमानतळावर गेलास. तुला वाटलं असेल, बरं झालं, सुटलो. सुटला नाहीस. तू काय केलंस ते मी तुलाच लिहून कळवते आहे, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

तू करडा कोट घातला होतास. माझ्याकडे बघून मान हलवलीस, ओळखीच्या बाईला हलवतात तशी. न्यायाधीश बाईनं विचारलं, "हवापाण्यामुळे या वाणात राळ येऊ शकते का?"

तू म्हणालास, "नाही. उन्हानं, कोरडेपणानं थोडंफार कमीजास्त होतं. पण एवढी राळ येत नाही. बियाण्यात रानटी रक्त आलं असेल तरच."

"ते कसं येईल?"

"नर झाडं वेळेवर उपटली नाहीत तर. किंवा रानटी बी हातानं मिसळलं तर. नर उपटण्याच्या सूचना स्पष्ट होत्या. लेखी होत्या."

तेव्हा आपला वकील, तो सर्दीनं बेजार झालेला बिचारा म्हातारा, उभा राहिला. म्हणाला, "लेखी होत्या, मान्य. त्यानंतर तुम्ही स्वतः शेतावर आलात. तोंडी वेगळं काही सांगितलंत का?"

तू पाणी प्यायलास. सगळा पेला प्यायलास. मी मनात म्हणत होते, बोल रे सोन्या, बोल, आता बोलशील, आता बोलशील. आणि तू म्हणालास, "आठवत नाही."

आठवत नाही! नाही म्हणाला असतास तर मी म्हटलं असतं, खोटं बोलला. पण खोटंही धड बोलला नाहीस. आठवत नाही म्हणालास आणि रुमालानं ओठ पुसलेस.

पिंजऱ्यातून हे मोठ्यानं म्हणाले, "बाईसाहेब, माझा मेव्हणा लहानपणापासून विसराळू आहे. घरची वाटसुद्धा विसरतो." लोक हसले. न्यायाधीश बाईनं टेबलावर थाप मारली आणि यांना विचारलं, "मग तुम्ही सांगा, नर ठेवायला कोणी सांगितलं?" यांनी तुझ्याकडे बघितलं. तू खाली बघत होतास, म्हणून तुला माहीत नाही त्यांनी कसं बघितलं. मग म्हणाले, "शेताचा मुकादम मी होतो. मीच ठेवले."

मी उठून ओरडले, "यानं सांगितलं! माझ्यासमोर सांगितलं, हा उभा आहे करड्या कोटातला!" दोन शिपायांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. तू वर बघितलंस का तेव्हा? मला मागचं दिसलं नाही.

सहा वर्षं. उत्तरेला, लाकूडतोडीच्या छावणीत.

नंतर दोन मिनिटं भेटू दिलं. मी त्यांच्यावरच ओरडले, "का नाही सांगितलंत नाव?" ते म्हणाले, "उमसुनाय, तो नाही म्हणाला असता तर कोर्टानं त्याचंच ऐकलं असतं, आणि म्हातारीला कळलं असतं की तिचा मुलगा खोटं बोलला. मी जातोच आहे, मग दोघांचं कशाला?" असला माणूस घालवलास तू.

घरी आले तर आपा दारात. मेंढी बांधलेली. "सापार कुठे?" मी म्हटलं, "विमान होतं त्याचं." "काय म्हणाला कोर्टात?" मी म्हटलं, "खूप बोलला, आपा. जिवाचं रान केलं. पण ऐकलं नाही त्यांनी." ती रडली आणि मग हात वर करून तुला आशीर्वाद दिले, बहिणीच्या नवऱ्यासाठी भांडलास म्हणून. मी शेजारी उभी राहून आमीन म्हटलं. तुझ्यासाठी नाही खोटं बोलले. म्हातारीचं दुसरं होतं काय?

उमसुनाय


१२ मे १९७८

सापार,

अभिनंदन! पदवी मिळाली असं लीदानं कळवलं. फोटोही पाठवला, जाड झालास. दक्षिणेचं प्रकरणही छान झालंय म्हणे. त्यात आमच्या गावाचं नाव आहे का रे? असेल तर नुरझानला दाखवते, पोरांना दाखवेल ती शाळेत. पोरं तिला "अनाशावाल्याची" म्हणतात. अनाशा म्हणजे ओढायची भांग, हे तिला पाचवीतच कळलं, तेवढा फायदा झाला.

मी पत्र लिहिणार नव्हते. आपानं लिहायला लावलं. तिला दिसत नाही आता, पण ऐकू खणखणीत येतं. रोज विचारते, सापार जावयासाठी अर्ज करतोय ना वर? मी म्हणते, करतोय. ती म्हणते, त्याला लिही, थकू नकोस म्हणावं. तर लिहिते आहे. थकू नकोस.

यांचं पत्र येतं दोन-तीन महिन्यांनी. खोकला आहे, बाकी मजेत, असं दर वेळी लिहितात. तिकडे इतकी थंडी आहे की भांगेचं बी टाकलं तरी वीतभर येऊन मरून जाईल, असं लिहिलंय. पुढे लिहिलंय, "मेव्हण्याला कळव, त्याच्या वाणासाठी योग्य जागा सापडली." मी हे तुला कळवणार नव्हते. पण कळव म्हणालेत, म्हणून कळवलं.

तू मला पैसे पाठवतोस ते परत येतात ना? पोस्टातल्या बाईला मीच सांगितलंय. ते मला नकोत. मला काय हवंय ते तुला माहीत आहे, आणि ते मनिऑर्डरीनं येत नाही.

उमसुनाय


७ सप्टेंबर १९८१

सापार,

यांना मार्चमध्ये सोडलं, फुप्फुसं गेली म्हणून. तू भेटायला आला नाहीस, ठीक आहे. मुकादमी तर गेलीच, गोदामाची राखणही देईनात. कोलखोझच्या, आपल्या सामूहिक शेतीच्या, अध्यक्षानं समजावलं, "काल्माम्बेत, तुझ्यावर माझा विश्वास आहे रे, पण कागदावर शिक्षा आहे." आता अंगणात बसून शेजाऱ्यांचे खोगिराचे पट्टे शिवून देतात. चार टाके घातले की थांबून श्वास घेतात.

तर तुझं पाकीट आलं, छापील लेख आणि हातानं लिहिलेलं पत्र. हाताचं अक्षर बघून आपाला सांगितलं, तिनं कागद गालाला लावला.

लेख मी यांना वाचून दाखवला. अर्धा कळला, पण कळायचा तो कळला. रानभांग कोरड्या टेकडीवर बुटकी, फांद्यांची, राळेनं भरलेली, तिचंच बी पाटाच्या पाण्यावर, पिकाच्या दाटीत रुजलं तर उंच, सरळ, बिनफांदीचं झाड होतं आणि पिकातून डोळ्यांनी वेगळं काढता येत नाही, "अनुभवी तज्ज्ञालाही नाही." अंग बदलतं, बी बदलत नाही. त्या नराची धूळ पिकावर बसली की पुढच्या वर्षी पिकात राळ येते. तीन उन्हाळे लावून पाहिलंस. फोटो आहेत, टेकडीचं झाड आणि पाटाचं झाड शेजारी शेजारी, एकाच आईची लेकरं. ओळखूच येत नाहीत भावंडं म्हणून.

वाचून झालं तेव्हा मी कागद खाली आपटले आणि हे हसत होते. खरं सांगते, हसत होते! म्हणाले, "म्हणजे त्यालाही कळलं नव्हतं तर. मी इतकी वर्षं समजत होतो, कोर्टात उभा होता तेव्हाच त्याला सगळं ठाऊक होतं. बरं झालं. लिही त्याला, मुबारक म्हणावं." मी म्हटलं, "अहो, झाड कळलं नव्हतं, पण स्वतः काय बोलला ते तर कळत होतं ना? ते विसरायला काय त्याच्यावर पाटाचं पाणी पडलं होतं?" ते म्हणाले, "तू फार कडू बोलतेस." बोलते. गोड बोलायला मला कोणी शिल्लक ठेवलंय?

आणि तुझ्या पत्राच्या शेवटी, "माफ कर एजे"च्या खाली, दोन ओळी. पाटाकाठच्या झाडांचं मूठभर बी पाठवता येईल का, म्हणून. वाख चांगला निघतो, ऊन सोसतात, नव्या संकराला उपयोगी पडतील. सापार, तू शुद्धीवर आहेस का? ज्या बियांपायी माझा नवरा लाकडं तोडत होता, त्या मी पाकिटात घालून पोस्टात देऊ? तुला प्रयोगाला लागतात म्हणून! मला पकडलं तर काय सांगशील, आठवत नाही?

आता नीट ऐक. तुझा लेख छापून आला. पदवी आहे, जागा पक्की आहे, तुझं कोणी काही वाकडं करत नाही. वकील म्हणतो खटला पुन्हा उघडता येतो, पण तज्ज्ञानं स्वतः येऊन जबाब बदलला तरच. नुसता लेख चालत नाही, त्यात साझ-अरिक नाही, काल्माम्बेत नाही, तू काय सांगितलंस ते नाही. तू ये. नुरझानला परिचारिकेच्या शाळेत जायचंय, अर्जात बापाचा रकाना आहे. मे महिन्यात अर्ज जातो. यांना पुन्हा मुकादम नको व्हायला. त्यांना फक्त गावातून चालताना कोणी बाजूला होऊ नये एवढंच हवंय. ते म्हणत नाहीत. मी म्हणते.

कधी येतोस ते कळव.

उमसुनाय


२४ डिसेंबर १९८१

सापार,

ऑक्टोबरात म्हणालास, समिती येऊन जाऊ दे. नोव्हेंबरात म्हणालास, लीदाचं ऑपरेशन होऊ दे. आता म्हणतोस, वसंतात, विभागप्रमुखाची नेमणूक झाल्यावर, कारण मग माझ्या शब्दाला जास्त वजन येईल. तेव्हा तुझ्या शब्दाला वजन नव्हतं होय? सहा वर्षांचं होतं की.

हे झोपून आहेत. डॉक्टर येतो, मान हलवतो, चहा पिऊन जातो.

वसंतापर्यंत थांबता येत नाही. एवढंच लिहायचं होतं.

उमसुनाय


२ फेब्रुवारी १९८२

सापार,

तू मातीला आलास. पहिल्यांदा तुझा आवाज ओळखलाच नाही मी. सगळे पुरुष तंबूच्या बाहेर काठीवर वाकून रडत होते, तूही त्यांच्यात जाऊन उभा राहिलास आणि मोठ्यानं गळा काढलास. लोक म्हणाले, मेव्हणा असावा तर असा. मी आत भिंतीकडे तोंड करून बसले होते, रीतीप्रमाणे, काळा रुमाल बांधून. आवाज मात्र सगळा ऐकू येत होता.

मग कबरीला नेण्याआधी नमाज पढवणाऱ्या मोल्दोनं विचारलं, विचारतात तसं, "लोकहो, हा काल्माम्बेत कसा माणूस होता?" सगळ्यांनी म्हटलं, चांगला होता. जे रस्त्यात यांच्यापासून बाजूला व्हायचे त्यांनीही म्हटलं. अध्यक्षानंही म्हटलं. आणि सगळ्यांच्या वर तुझा आवाज होता. "चांगला होता! प्रामाणिक माणूस होता! कोणाचं कधी वाईट केलं नाही!" मोल्दोनं एकदाच विचारलं होतं. तू तीनदा सांगितलंस.

आपा माझ्या शेजारी होती. तिनं माझा गुडघा दाबला आणि म्हणाली, "ऐकलंस? माझ्या पोरानं कोर्टातही असंच सांगितलं असेल. आंधळे होते मेले न्यायाधीश." माझ्या तोंडातून हुंदकाही निघेना, तिथे रडायचं असतं तरी. बाया कुजबुजल्या, बघा, नवऱ्यासाठी डोळ्यांत पाणी नाही.

जेवणं झाल्यावर तू आत आलास, माझा हात धरलास, म्हणालास, "एजे, मला झोप लागत नाही." मी हात काढून घेतला नाही, कारण आपा बघत होती. बघत म्हणजे, कान देऊन होती. तू संध्याकाळच्या गाडीनं गेलास.

आता माझं ऐक. मेलेल्याला चांगला म्हणायला काही लागत नाही. तिथे वाईट म्हणायची पद्धतच नाही, खुनी असला तरी लोक चांगलाच म्हणतात. म्हणायला जिथे काही पडतं, ती एकच जागा आहे. जिल्ह्याच्या कोर्टाच्या कागदावर हे अजून गुन्हेगार आहेत. मेल्यावरही खटला उघडतो, मी विचारून आले. तज्ज्ञानं यायला हवं, एवढीच अट आहे. ती पूर्वीही तेवढीच होती.

पाच वर्षं मी आपाशी तुझ्यासाठी खोटं बोलत आले. आधी म्हटलं, तिच्यासाठी. यांनी सांगितलं होतं, तिला कळू देऊ नकोस, म्हणून त्यांच्यासाठीही. ते गेले. आता मला कोणी सांगणारं नाही.

चाळिसाव्याचा विधी मार्चच्या सुरुवातीला आहे. सगळं गाव जेवायला येईल, बुबुश येईल, अध्यक्ष येईल, टोळीतल्या बाया येतील. आपा मधोमध बसेल. कोर्ट त्याआधी रोज उघडं असतं, रविवार सोडून. तू तिथे जाऊन सांगितलंस, तर मी आपाला म्हणेन, बघ, तुझा मुलगा यांच्यासाठी कोर्टात गेला, आणि पहिल्यांदाच ते खरं असेल. तुझी बाकीची गोष्ट माझ्याबरोबर मातीत जाईल.

नाही गेलास, तर चाळिसाव्याला जेवणं वाढून झाली की मी उभी राहीन आणि पाटाकाठी कोण काय म्हणालं, कोर्टात कोणाला काय आठवलं नाही, ते सगळ्यांसमोर सांगेन. आपाला डोळ्यांनी दिसत नाही, पण तुला लिहिलं होतंच, तिला ऐकू खणखणीत येतं.

उमसुनाय काल्माम्बेतची बायको